रंग – काळपट

या जानेवारीत अण्णांनी एक नवीनच खूळ काढलं. दुपारचं जेवण झालं की खोलीत जायचं, दार लोटून घ्यायचं आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबायचा. अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याऐंशी. मी त्रेसष्ट. स्नेहलतागंजातल्या या घरात आम्ही दोघंच राहतो. आई जाऊन अकरा वर्षं झाली, धाकटा भाऊ पुण्याला, आणि माझं लग्न राहून गेलं ते गेलंच. एका म्हाताऱ्याला एक म्हातारी सांभाळते, असा सगळा कारभार आहे.

टॉवेलचा मला भयंकर राग यायचा. आमच्या गच्चीत थंडीची धूप येते ती अकरा ते तीन, बस. मागे चार मजली बिल्डिंग उभी राहिल्यापासून एवढंच ऊन आमच्या वाट्याला. आणि नेमके त्याच वेळी हे दार लावून आत! पाय हात लावून बघावे तर बर्फ. मी दार ढकलायची. कडी मी केव्हाच काढून टाकली होती, आत पडलेबिडले तर काय घ्या. दाराबरोबर टॉवेल घसटत जायचा, आणि अण्णा पलंगावर रजई ओढून छताकडे बघत पडलेले असायचे.

"चला, धूप घ्या."

"नको गं. तू जा, पड जरा."

"मला पडायला वेळ आहे का? पाय बघा तुमचे, लाकूड झालेत. उठा!"

मग हाताला धरून, पायऱ्यांवर तीनदा थांबून, वर न्यायचं. खुर्ची उन्हात सरकवायची. ते दहा मिनिटं बसायचे आणि म्हणायचे, "तूपण बस." मी म्हणायची, "कपडे कोण वाळत घालणार?" रोज हेच. माझ्या गुडघ्यांचे त्या पायऱ्यांनी बारा वाजवले होते. शेजारच्या काकूंनी तर सल्ला दिला, सांड्याचं तेल चोळ म्हणून. मी त्यांच्या अंगावरच गेले. सांड्याचं तेल, आणि मला सांगता? ज्या जनावरापायी माझ्या तरुणपणातली तीन वर्षं गेली त्याला कढईत घालून गुडघ्याला चोळू? काकू बिचाऱ्या चार दिवस बोलल्या नाहीत.

सांडा कुणाला माहीत नसेल तर सांगते. वाळवंटात राहतो. पालीच्या आणि सरड्याच्याच गोतातला, पण हातभर लांब, जाडजूड, शेपटीवर काट्यांची कडी. खातो पाला आणि फुलं. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. रस्त्यावर तेल विकणारे याचीच कंबर मोडून याला टोपलीत ठेवतात, पळू नये म्हणून. मी कॉलेजात झूऑलॉजी शिकवत होते आणि पीएचडीला हाच विषय घेतला होता: रखरखीत उन्हात आणि कडाक्याच्या थंडीत सांडा कसा जगतो.

त्याच्याकडे ना पंखा, ना शेगडी. अंगाची ऊबसुद्धा स्वतःची नाही, बाहेरून घ्यायची. सकाळी बिळातून निघतो तेव्हा गारठलेला आणि रंगाने काळपट असतो. काळं अंग ऊन लवकर पितं. तासभर उन्हात पसरला की मातकट होतो, मग हळूहळू पिवळसर. पिवळा झाला की कामाला लागतो, पाला खातो, भांडतो, धावतो. दुपारी वाळू भाजायला लागली की पोट उचलून चार पायांवर उभा राहतो, या सावलीतून त्या सावलीत जातो, आणि तेही जमेना झालं की बिळात शिरून आतून मातीने तोंड बंद करून घेतो. थंडीत तर महिनोन्महिने. शेपटीतल्या चरबीवर जगत, दगडासारखा निपचित पडून राहतो. कधी बाहेर यायचं आणि कधी आत जायचं, एवढी एकच अक्कल त्याला आहे, आणि ती पक्की आहे. माणसांना तेवढीही नसते, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. मुलगी एकटी जैसलमेरकडे जाणार म्हटल्यावर आई पदराने डोळे पुसायला लागली. अण्णा रेल्वेत, पार्सल ऑफिसात क्लार्क. ते म्हणाले, "मी जातो बरोबर. पास आहे, रजाही पडून आहे." झालं! तीन वर्षं, वर्षातून चार वेळा, आम्ही बापलेक गाड्या बदलत बदलत त्या वाळूत जायचो. एका शाळेची रिकामी खोली मिळायची. बाजरीची भाकरी आणि कांदा. अण्णा खेजडीच्या झाडाखाली काळी छत्री उघडून बसायचे, मांडीवर वही, कानावर पेन्सिल. मी दुर्बिणीतून बघायची आणि सांगायची, ते लिहायचे. दोन-चार दिवसांत माझ्यापेक्षा तेच चांगलं बघायला लागले.

त्यांनीच वहीत तीन रकाने आखले. वेळ. आत की बाहेर. रंग. पुढे शेऱ्याला थोडी जागा. त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत: "६.५० – बाहेर – काळपट. ७.४० – बाहेर – मातकट. १२.१० – आत. दार लावले." बिळाच्या तोंडाला ते दारच म्हणायचे. त्यांचा एक नियम होता, दिसलं तेवढं लिहायचं. का, कशासाठी, ते लिहायचं नाही. मी म्हणायची, "अण्णा, लिहा, उष्णतेपासून बचावासाठी बीळ बंद केले." ते म्हणायचे, "बंद केलं, एवढं दिसलं. बचाव की काय, ते तू त्याला विचारलंस का? कुणी त्रास देऊ नये म्हणूनसुद्धा लावलं असेल." मी हसायची. क्लार्क माणूस, काय बोलायचं! थीसिसमध्ये मी उष्णताच लिहिली.

दुसऱ्या वर्षी माझ्या पीएचडीच्या गाइड सरांनी सांगितलं की हिवाळ्यातल्या शरीराच्या तापमानाच्या नोंदीही हव्यात. म्हणजे बीळ खणून सांडा बाहेर काढायचा. डिसेंबरात गेलो. सकाळी वाळूवर दव गोठलेलं. ज्या बिळाशी आम्ही सबंध उन्हाळा काढला होता, त्याचं तोंड मातीने गच्च बंद होतं. मी फावडं घेतलं. अण्णा म्हणाले, "नको. दार लावून घेतलंय त्याने."

मी म्हटलं, "अण्णा, हे सायन्स आहे."

खणला. काळा ठिक्कर, ताठ, हातात लाकडाचा तुकडा धरल्यासारखा. मी तापमान घेतलं, नोंद केली. अण्णांनी आपला मफलर काढून त्यात त्याला गुंडाळला आणि दुपारभर उन्हात मांडीवर घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत त्याने एकदा डोळा उघडला. पण जुनं बीळ तर मी उद्ध्वस्त केलं होतं. शेजारच्या एका रिकाम्या बिळात सोडला आणि आलो. सकाळी जाऊन बघतो तर त्या बिळाबाहेर मरून पडलेला. नव्या जागेत दार लावायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. अण्णांनी वहीत लिहिलं: "७.१५ – बाहेर – काळा. मेला." जोधपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. सरांनी नंतर म्हटलं, एखादा जायचाच. मीही तसंच म्हटलं, कारण पदवी हवी होती.

हे सगळं इतकं सविस्तर सांगते आहे, कारण या जानेवारीत मला रात्रंदिवस तेच दिसत होतं.

संक्रांत झाली आणि भावाचा पुण्याहून फोन आला. "ताई, पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. अण्णांना घेऊन जातो. इकडे थंडी कमी आहे, आमच्याकडे लिफ्ट आहे. तू किती दिवस एकटी करणार?"

खरं सांगते, पहिल्यांदा मला काय वाटलं असेल तर सुटले! फोन हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते आणि एकदम हलकं वाटलं. मी दमले होते. अशीतशी नाही, हाडापर्यंत दमले होते. चार वर्षांत मी सलग दोन तास झोपलेली मला आठवत नाही. माझा दिवाण अण्णांच्या दाराला लागूनच टाकलेला, हाक ऐकू यावी म्हणून. हाक ऐकू यायचीच, पण खोकलाही यायचा, कूस बदललेलीही कळायची, आणि काही ऐकू नाही आलं तर त्याचीही धास्ती वाटून मी उठायची. दुपारी पाठ टेकावी म्हटलं तर डोळा लागायच्या आत उठून त्यांच्या दाराशी. आरशात बघणं मी सोडून दिलं होतं.

आणि मग लगेच लाज वाटली. मग लाजेच्याही मागून तो सांडा आला.

अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस. पंचावन्न वर्षं एका घरात राहिलेला. पाय गार, दार लावून घेतलेलं, फटीत टॉवेल. मला तर सगळं स्वच्छ दिसत होतं. अण्णांनी बीळ बंद करून घेतलं आहे, आणि मी, फक्त मला झोप हवी म्हणून, त्यांना भर थंडीत खणून पुण्याच्या सहाव्या मजल्यावर टाकणार. नव्या जागेत त्यांना दारसुद्धा लावता येणार नाही. एका सकाळी फोन येईल आणि मग मी काय म्हणणार, एखादा जायचाच?

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "ले जाइए, कोई दिक्कत नहीं. रास्ते में दो बार रुक जाना." डॉक्टरांना काय, ते रक्तदाब बघतात. अण्णांना विचारलं तर त्यांनी "बघू" म्हटलं आणि पेपर वर केला. हो नाही, नाही नाही, बघू! मला असा संताप आला. आठ दिवस मी मनातल्या मनात रोज सकाळी त्यांना पाठवत होते आणि दुपारी टॉवेल दिसला की थांबवत होते. भावाला दोनदा फोन करून सांगितलं, येऊ नकोस. दोनदा परत केला, ये. तो म्हणाला, "ताई, तुझं एक काय ते ठरव ना यार."

शनिवारी दुपारी अण्णा न्हाव्याकडून दाढी करून घेत व्हरांड्यात बसले होते. मी त्यांची बॅग भरायला घेतली. भरायची म्हणून, ठरलं म्हणून नाही. उशीखालची कानटोपी काढायला उशी उचलली तर खाली शाळेची शंभर पानी वही, आणि तिच्यात खोचलेली पेन्सिल. उघडली. पेन्सिलने आखलेले तीन रकाने होते. अक्षर आता कापतं, पण रकाने तसेच सरळ.

"६.०५ – बाहेर – काळपट."

मला वाटलं, भिंतीवरच्या पालीची नोंद ठेवतायत की काय. म्हातारपणी चाळा. पुढे वाचलं.

"११.३० – गच्चीत. ऊन होते. बसली नाही.

१२.४० – जेवण. उभ्यानेच.

१.१० – मी दार लावले, टॉवेल लावला. खोकला उशीत.

१.२० – आत (दिवाणावर).

१.३५ – तरी आली. मला वर नेले."

खाली दुसरा दिवस. तिसरा. पानामागून पान. "१.२० – आत. १.५५ – बाहेर. मी खोकलो म्हणून." "रेडिओ बंद ठेवला. तरी उठली." "१.१५ – आत. २.०५ – बाहेर. पन्नास मिनिटे!" या पन्नास मिनिटांखाली दोनदा रेघ मारलेली. आणि सगळीकडे, रोज, शेवटच्या रकान्यात तोच एक शब्द. काळपट. काळपट. काळपट.

मी पलंगावर बसले.

टॉवेल थंडीसाठी नव्हता. त्यांचा खोकला बाहेर येऊ नये, मला दुपारी तासभर झोप लागावी, म्हणून हा माणूस रोज वाकून, त्या कमरेने वाकून, फटीत टॉवेल कोंबत होता आणि उशीत तोंड घालून खोकत होता. आणि मी, सांड्यांच्या बिळांवर पीएचडी केलेली बाई, रोज ते दार ढकलून त्यांना विचारत होते की तुम्हाला धुपेची अक्कल नाही का. मला इतकी शरम वाटली की काय सांगू. आणि शरम वाटली की मला राग येतो, लहानपणापासूनची खोड आहे. न्हावी जाताच वही घेऊन मी व्हरांड्यात गेले.

"हे काय आहे? मला काय सांडा समजलात?"

अण्णांनी गालावरून हात फिरवला, दाढी नीट झाली का बघितलं. मग म्हणाले, "सांडा बरा. दुपारी आत जातो आणि जातो तो जातोच."

"मग तोंडाने सांगता येत नव्हतं? तू झोप म्हणून?"

"रोज सांगतो. पड जरा, बस जरा. तू ऐकतेस का?"

ते खरं होतं. रोज सांगत होते.

"मी नाही पाठवणार तुम्हाला," मी म्हटलं. "त्या सांड्याचं काय झालं ते विसरलात का तुम्ही? थंडीत खणून काढला आणि..."

"त्याला तू काढलंस," अण्णा म्हणाले. "मी आपणहून निघतोय. आधी फोन तुझ्या भावाने केला नव्हता. मी त्याला केला, तू भाजी आणायला गेली होतीस तेव्हा. म्हटलं, होळीपर्यंत मला घेऊन जा. ताईची तब्येत ठीक दिसत नाही."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

काय म्हणाले असते ते दोघांनाही माहीत होतं. मग त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं उठवायला सांगतायत. वही मागत होते.

रविवारी सकाळी भाऊ आला. पोहे खाल्ले, शेव बांधून घेतली, गाडीत अण्णांच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. अण्णांनी तोच जुना मफलर गुंडाळला होता. गाडीत बसताना माझ्याकडे बघून म्हणाले, "दिवाण त्या दाराजवळून हलव आता. माझ्या खोलीत झोप. तिथे आवाज येत नाही, मी बघितलंय." गाडी वळली आणि मी गल्लीत उभी राहून भडभडून रडले, दूधवाला बघत होता तरी. "क्या हुआ दीदी?" म्हणाला. मी म्हटलं, "कुछ नहीं भिया, आज आधा लीटर कम."

दुपारी एक वाजता मी त्यांच्या खोलीत गेले. दार लावलं. टॉवेल तिथेच भिंतीशी पडला होता. घरात कुणी नव्हतं, कुणाचा आवाज येणार नव्हता, तरी मी गुडघ्यांना शिव्या घालत वाकले आणि तो फटीत कोंबला. त्यांच्या रजईला त्यांच्या बामचा वास येत होता. मी झोपले ती साडेचारला उठले. गच्चीतली धूप निघून गेली होती. मला अपराधी वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. फक्त खूप भूक लागली होती. खुर्ची ओढून, बसून जेवले.

आठ वाजता फोन आला. वाटेत दोनदा थांबून गाडी नीट पोचली होती. अण्णांचा आवाज लांबून, पण नेहमीचाच.

"पाय गरम आहेत का?" मी विचारलं.

"आहेत. तू किती वाजता आत गेलीस?"

"एक वाजता."

"बाहेर?"

"साडेचार."

पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. ते लिहीत होते, मला कळत होतं. त्यांना आता वेळ लागतो.

"आणि रंग?"

मी फोन घेऊन कपाटाच्या आरशासमोर गेले. किती दिवसांनी बघत होते कुणास ठाऊक. डोळ्यांखाली सूज, केस सगळे पांढरे, गालावर उशीचा वळ उठलेला. खोटं सांगून चालणार नव्हतं. दिसलं तेवढंच सांगायचं होतं.

"मातकट," मी म्हटलं.

"मातकट," ते म्हणाले, आणि लिहून घेतलं.